दीडशेच्या वेगानं, जागच्या जागी

बन्सी रोज दीडशेच्या वेगानं मोटरसायकल चालवायचा आणि एक इंचही पुढं जायचा नाही. मुकुंदवाडीतल्या माझ्या घरात, वरच्या दोन खोल्यांत, तो आणि त्याची बायको सायली भाड्यानं राहतात. वाळूजच्या एका कारखान्यात तो नव्या, ताकदवान गाड्या तपासतो. बंद खोलीत जमिनीत बसवलेल्या रोलरवर गाडीचं मागचं चाक, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळलेली, आणि इंजिन तापू नये म्हणून समोर माणसाएवढा पंखा. चाक रोलरला किती जोरानं फिरवतं, त्यावरून गाडीची ताकद पडद्यावर दिसते.

"वारा तरी लागत असेल तोंडाला," मी एकदा म्हटलं.

"भट्टीपुढं बसल्यावानी, काकू."

पण बिघाड त्याला पडद्याच्या आधी कळायचा. मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांवर इंजिनातल्या व्हॉल्व्हची बारीक टकटक तो नेमकी पकडायचा. त्यासाठी कानांवरच्या आवाज अडवणाऱ्या जाड कपांपैकी डावा वर सरकवायचा. "साहेब मशीनला इचारत्यात, मी इंजिनाला," असं सायलीला ऐकवायचा. सहा वर्षं तो कप असाच वर राहिला.

२०१६ च्या उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येई, बाकी टँकर. हॉर्न वाजला की गल्लीत सगळ्यांच्या आधी बन्सी पाइप घेऊन उतरायचा. माझ्या रोजच्या वहीत अकरा एप्रिलची नोंद आहे : 'टँकर दारात तीनदा वाजला. बन्सी खिडकीत पाठमोरा उभा. सायलीनं हात लावला तेव्हा वळला.' पुढं अशा आणखी चार नोंदी आहेत.

मे महिन्यात कारखान्यानं बाहेर खऱ्या रस्त्यावर गाड्या पळवून बघायला माणसं मागितली. बन्सीचा इंग्रजी अर्ज मीच लिहिला. माझं कॉन्व्हेंटचं अक्षर त्याला आवडतं. त्याची निवड झाली. फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती, आणि तीत कानही तपासणार होते.

सायलीनं त्याला आधी गुलमंडीजवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. सोबत मी होते. तिथंही काचेची बंद खोली. आवाज आला की बटण दाबायचं. बन्सी ठरावीक अंतरानं दाबत राहिला, घड्याळाच्या ठोक्यासारखं. तपासणाऱ्या बाईंनी यंत्र बंद केलं आणि आम्हाला खुणेनं दाखवलं. तो दाबतच होता.

रिक्षात त्यानं विचारलं, "तुम्हाला माहीत व्हतं का, काकू?"

"हो," मी त्याच्या उजव्या कानाशी मोठ्यानं म्हटलं. "अकरा एप्रिलपासून."

"तारीख लिहून ठिवली. माणसाला सांगायचं तेवढं राहिलं."

अर्ज लिहिला त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं.

कारखान्याची तपासणी दिली असती तर रस्ता गेलाच असता, आणि खोलीतली नोकरीही; तिथं त्याला ठेवलं होतं ते कानांसाठीच. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडून नकाराचं पत्र लिहून घेतलं.

"कारण?"

"घरची अडचण लिवा."

सायली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हंजे मीच ना अडचण?"

तिच्या ओठांकडं बघून तो हसला.

आता तो टाकीला गुडघे आवळून बसतो. टकटक हाडांत कळते, म्हणतो. कधी कळते, कधी नाही. कानांवरचे दोन्ही कप खालीच असतात. साहेब म्हणतात, बन्सी अखेर शिस्तीला लागला.