अल्बिना मावशीचं फावडं

यंदा आमच्या वस्तीत कुणीच रानलसूण खाल्ला नाही. ओढ्याकाठी रान भरून उगवला होता, तसाच फुलला, तसाच पिवळा पडला.

एरवीही जंगलातला कुणी तोडत नसे. आम्ही खायचो तो अल्बिना मावशीच्या परसातला. कारण इथे अगदी तशाच पानांचं दुसरं एक झाड आहे, आणि ते विषारी. दोघांनाही सावली हवी, ओल हवी, दोघांनाही पांढरी फुलं येतात. रानलसणाला चांदण्यांसारखी, दुसऱ्याला घंटीसारखी. पण पानं खायची ती फुलं यायच्या आधी, तेव्हा खूण एकच उरते. पान चुरगळलं की एकाला लसणाचा वास येतो, दुसऱ्याला कसलाच येत नाही. थोडक्यात, आमचा सगळ्यांचा जीव मावशीच्या नाकावर होता. तिला ते पक्कं ठाऊक होतं आणि ती तसाच तोरा मिरवायची.

घरामागची जागा उत्तरेकडची, हेझलच्या झाडांखालची. उन्हाळ्यातसुद्धा तिथे दगडांवर शेवाळ असतं. नवी नवरी होती तेव्हा तिने जंगलातून रानलसणाचे कंद झग्याच्या ओच्यात घालून आणले आणि तिथे पुरले. दरवर्षी पानगळीत कुजलेला पाला पसरायचा, वाफ्यात पाय म्हणून टाकायचा नाही, एका रोपाचं एकच पान घ्यायचं. मूठभर तोडलं की ओढ्यात हात धुवून यायचं, कारण बोटांना एकदा लसूण लागला की पुढचं प्रत्येक पान लसणाचंच वाटतं. मी एकदा हात न धुता वाकले तर तिने माझ्या मनगटावर चापट मारली होती.

घंटीची ती विषारी फुलं लावली तिच्या नवऱ्याने, लुडविकने, शोभेसाठी. तीही तिथेच, वाफ्याला लागून. मधे दगडांची एक ओळ. पण त्या झाडाची मुळं जमिनीखालून सरपटतात, त्यांना दगडांचं काय! म्हणून मावशी दरवर्षी बर्फाआधी त्या ओळीने फावडं मारत जायची आणि अलीकडे आलेली मुळं तोडायची.

लुडविक गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, आता उपटून टाक की ते विष."

"त्याने लावलंय गं," ती म्हणाली. "आमचा संसारही असाच झाला. शेजारी शेजारी, आणि मधे फावडं." आणि स्वतःच खो खो हसली.

गेल्याच्या आदल्या वर्षी पानगळीत तिला ताप आला. असा तसा नाही, छातीत भरलं, महिनाभर अंथरुणात होती. फावडं भिंतीला टेकून राहिलं आणि त्याच्यावर बर्फ पडला. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हिवाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. मी तिच्याकडे गेले तर दारातच जळकट वास. चुलीवर दूध करपून कोळसा झालेलं, आणि ही शेजारी बसून शांतपणे मोजे विणतेय.

"मावशी! नाक कुठे गहाण टाकलंस?"

ती उठली, भांडं उचललं, माझ्याकडे बघितलंच नाही. "सर्दी झालीय."

सर्दी नव्हती. नंतर मी मुद्दाम तिच्यासमोर लसूण ठेचला, सांडलेलं रॉकेल पुसलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सरळ म्हटलं, "तुला वास येत नाहीये. यंदा पानं मी तोडते."

"तू?" तिचे डोळे असे झाले की मी मागे सरले. "काल या वस्तीत सून म्हणून आलीस आणि मला शिकवतेस? पुन्हा हे बोललीस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

मी वर यर्नेयआजोबांकडे गेले. वस्तीतलं तेव्हाचं सर्वांत म्हातारं माणूस. म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल. त्यांनी पाइप झटकला. "पोरी, नवरा गेला, मुलगा शहरात गेला. तिला तेवढं एकच तर उरलंय. काढून घेऊ नकोस."

"आणि विष खाऊन मेलो तर?"

"मी गेली किती वर्षं तिच्या हातचं खातोय. अजून बसलोय ना इथे?"

आमच्याकडे वसंतात, संत युरीच्या दिवशी, रानलसणाचं पहिलं सूप होतं. बटाट्याचं, हिरवंगार. पहिला वाडगा वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा. त्याने खाल्ल्याशिवाय कुणी चमचा लावायचा नाही. करणारीनेसुद्धा चाखून बघायचं नाही.

त्या दिवशी सकाळी मी वाफा बघायला निघालेच होते, तोच मावशी माझ्या दारात. हातात झाकलेला वाडगा.

"हा तुझा. बघ, म्हातारीला जमतं की नाही. गुडघे धरलेत, वाफ्याच्या ओढ्याकडच्या टोकापर्यंत जाववलं नाही. कडेकडेनेच तोडलं यंदा. पण पानं काय दाट होती तिथे!"

कडेकडेने. दगडांच्या बाजूला. मी झाकण काढलं. वाफ आली, बटाट्याचा वास आला, लोण्याचा आला. आणखी काही आलं नाही.

"मावशी, पहिला वाडगा?"

"देऊन आले की मघाशी. वाट बघत बसले होते."

मी वाडगा तिथेच टाकला आणि धावत सुटले. मागून ती ओरडत होती, मग तीही यायला लागली, गुडघे धरत, धापा टाकत. चढ संपेचना.

यर्नेयआजोबा अंगणातल्या बाकावर बसले होते. मांडीवर वाडगा, पावाच्या तुकड्याने पुसून लख्ख केलेला. चेहरा थोडा पांढरा पडला होता. मला बघून हसले आणि हात हलवून जवळ बोलावलं.

"लसणाचा नुसता गंधही नव्हता गं," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "गवत उकडल्यासारखं लागत होतं. पण तिला बोलू नकोस हां. वाईट वाटेल. मी सगळं संपवलंय."

मी फोन काढला. रुग्णवाहिकेचा नंबर लावला, वस्तीचं नाव सांगितलं, काय खाल्लंय ते सांगितलं. खालच्या गावातून गाडी निघाली, म्हणाले. घाट केवढा आहे ते मला ठाऊक होतं. आजोबांनी पोटावर हात दाबला होता.

मावशी फाटकाशी उभी होती. मी फोनवर बोललेलं तिने सगळं ऐकलं होतं. ती हळूहळू आली, त्यांच्या मांडीवरचा वाडगा उचलला, दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"मला कसलाच वास येत नाही गं," ती म्हणाली. "त्या तापापासून काहीच येत नाही."