मधली पानं

बारामतीजवळच्या जळोचीत शमशाद मुलाणींना सगळे मुलाणीबाई म्हणूनच ओळखतात. वडगाव निंबाळकरच्या शाळेत त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर नवऱ्यानं हौसेनं बांधलेल्या घरात राहायला आल्या आणि वर्ष सरायच्या आत नवरा गेला. मुलगा अयान मस्कतला असतो, त्याचा फोन शुक्रवारी येतो. बाकीचे दिवस त्या घरात एकच आवाज असतो, बाईंचा स्वतःचा.

दुपारी त्यांच्या खिडकीखालून जाणाऱ्याला तो ऐकू येतो. ‘आज गवार कोवळी मिळाली. पूर्णविराम. पण निवडताना बोटं ऐकत नाहीत. पूर्णविराम.’ नव्या माणसाला वाटतं, एकटेपणानं बाईंचं काहीतरी बिनसलं असावं. तसं काही नाही. बाईंचा उजवा हात थरथरतो. ज्या हातानं फळ्यावर पोरांना अक्षर वळवून दाखवलं, त्या हातानं आता पेन धरलं की कागदावर कोंबडीचे पाय उमटतात. म्हणून अयाननं एका सुट्टीत येऊन संगणक आणि प्रिंटर बसवून दिला. समोर बोललं की मराठी अक्षरं आपोआप उमटायची. बाई बोलायच्या आणि छापायच्या. आणि जे छापायच्या ते सगळं इंदापूरला चंद्राबाईंना जायचं.

चंद्राबाई वडगावच्या त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. शिक्षण चौथी. पण भांडी घासून झाली की वर्गाच्या दाराशी बसून शाळेच्या कपाटातली पुस्तकं वाचायच्या, आणि एखादा शब्द अडला की मुलाणीबाईंना विचारायच्या. त्या विचारण्यातून मैत्री झाली. दोघी शाळा सुटल्यावर चुलीजवळ चहा प्यायच्या आणि गावाची उणीदुणी काढत बसायच्या. पुढं चंद्राबाई विधवा झाल्या, इंदापूरला आपल्या घरी राहू लागल्या. कान गेले, फोनवर बोलणं संपलं. कानातलं यंत्र आणलं होतं, पण त्यात नुसता वारा घोंगावतो म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. मग डोळ्यांचा पडदा खराब झाला. बारीक अक्षर दिसेना. भिंग लावून, ठळक आणि चांगलं बोटभर उंचीचं अक्षर असेल तरच वाचता यायचं.

एवढं मोठं अक्षर म्हटलं की एका पानावर मावणार किती? पाच-सहा ओळी. बाजारात काय घडलं एवढं सांगायलाच पानांचा गठ्ठा व्हायचा. बाईंना बोलायचं तर पुष्कळ असायचं. जाड पाकिटात घालून त्या ते पोस्टात टाकून यायच्या. आठवड्या-दहा दिवसांनी चंद्राबाईंचं उत्तर यायचं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, काळ्या मार्करनं लिहिलेलं. ‘बाई, त्या पणदऱ्याच्या सोयरिकीचं पुढं काय झालं ते लिवा. मला झोप न्हाय.’ बाई ते वाचून एकट्याच हसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात उत्तरं आखडली. आधी अर्धं कॅलेंडर, मग दोन ओळी. त्यातही प्रश्न काही नाही. ‘पाकीट मिळालं. बरी हाय.’ मग तेही बंद झालं.

बाईंनी वाट पाहिली. शेवटी चंद्राबाईंच्या मुलाला, शंभूराजला, फोन लावला. तो जामनगरला नोकरीला.

‘आई बरी आहे बाई,’ तो म्हणाला. ‘जरा विसरायला होतंय. तिचं तिलाच जाणवतंय. डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या चालू आहेत.’

‘विसरतात म्हणजे?’

‘वाचलेलं ध्यानात राहत नाही म्हणते.’

बाईंनी फोन ठेवला. मग त्यांना जे योग्य वाटलं ते त्यांनी केलं. पुढची पाकिटं त्या लहान मुलाला समजावून सांगावं तशी लिहू लागल्या. ‘मागच्या पत्रात मी प्रगतीबद्दल सांगितलं होतं, शेजारच्या माडीवरची भाडेकरू, आठवतं का? तिचं लग्न मोडलं होतं, आठवतं का?’ प्रत्येक गोष्टीमागं ‘आठवतं का’. उत्तर येत नव्हतं, तरी त्या लिहीत राहिल्या. दुसरं बोलायला तरी कोण होतं?

पावसाळा सरत आला होता. एका दुपारी बाईंनी छापलेला गठ्ठा टेबलावर ठेवला, पंखा लावला आणि सगळी पानं घरभर उडाली. गुडघे धरत त्यांनी ती गोळा केली. पानांवर आकडे नव्हते, त्यामुळं वाचून वाचून क्रम लावायला लागला. छापलेलं त्या कधी वाचायच्या नाहीत. आपणच बोललेलं परत काय वाचायचं? आज वाचलं तेव्हा एका ठिकाणी गाडी अडली. प्रगतीचं लग्न मोडल्याची गोष्ट या पत्रात त्यांनी परत सगळी सांगितली होती. एका पानाच्या शेवटी प्रगतीची आई जिना चढून येत होती, आणि पुढच्या पानावर कोणीतरी रडत रडत रिक्षात बसत होतं. मधलं पान नव्हतं. बाईंनी कॉटखाली पाहिलं, कपाटामागं झाडू घातला. पान नाही. संगणकावर मात्र ते जागेवर होतं. आणखी पुढं गेल्यावर अशीच दुसरी फट सापडली.

बाई खुर्चीत बसल्या. चंद्राबाईंना गेलेल्या पत्रांतही अशीच पानं गळली असतील तर, असं मनात आलं, पण ते त्यांना लगेच पुरतं पटेना. जुनी पाकिटं आता इंदापूरला होती, तपासायला हाताशी काही नव्हतं. पण उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास, अयानच्या सांगण्यावरून त्यांनी प्रिंटरची वायर काढून तो आतल्या खोलीत हलवला होता आणि वायफायवर जोडला होता. उत्तरं आखडली तीही तेव्हापासूनच.

त्यांनी यंत्राचं झाकण उघडलं. कागद ओढणारा रबरी रोलर ओल्या फडक्यानं पुसला. कागद दमट झालेत असं वाटून नवा गठ्ठा फोडला, पत्ते पिसावेत तसा सुटा करून घातला. पुन्हा छापलं. पुन्हा पानं गायब, पण या वेळी वेगळीच.

बारामतीतल्या दुकानातून फारुक नावाचा दुरुस्तीवाला आला. त्यानं यंत्र स्वच्छ केलं, दोन-तीन पानं छापून दाखवली. स्वच्छ आली.

‘चांगला चालतोय मॅडम.’

‘थोडी पानं येतातच. मोठं काही छापलं की मधली खातो.’

‘एवढं मोठं काय छापता घरी?’ त्यानं सहज विचारलं. बाई म्हणाल्या, ‘असतं काहीतरी.’ त्यानं प्रोग्राम काढून परत टाकला, बाईंनी केलेला चहा घेतला, वडगावात त्याची आत्या असते म्हणून दोन गोष्टी बोलला. तो गेल्यावर बाईंनी मोठं पत्र छापलं. पानं गेलीच. त्याला परत बोलवावं असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि ते प्रिंटरसाठी वाटलं की चहाला सोबत मिळाली म्हणून, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

मग त्या स्वतःच मागं लागल्या. प्रत्येक पानावर आकडा कसा घालायचा ते अयानकडून विचारून घेतलं. तेच पत्र पुन्हा पुन्हा छापलं आणि काय येतं, काय जातं ते पाहत बसल्या. सुरुवातीची पानं कधीच जात नव्हती. जायची ती पुढची, आणि दर वेळी निराळी. शुक्रवारी त्यांनी हे अयानला सांगितलं.

‘अम्मी, राउटर हॉलमध्ये आणि प्रिंटर आत. मध्ये दोन भिंती. सिग्नल तुटत असेल, तेवढ्यात आलेलं पान जातं. आणि त्याची मेमरीही छोटी आहे. एकदम सगळं पाठवलं की मावत नाही. तू वायर लाव परत. आणि सेटिंगमध्ये, सगळी पानं तयार झाल्यावरच छपाई सुरू कर, असा पर्याय आहे, तो निवड.’

‘हे आधी का नाही सांगितलंस?’

‘तू आधी सांगितलंच नाहीस की पानं जातायत.’

ते खरं होतं. बाईंनी प्रिंटर परत संगणकाजवळ आणून वायर लावली, सांगितलेला पर्याय निवडला. फरक पडला, तरी अधूनमधून एखादं पान जायचंच. मग त्यांनी पत्राचे तुकडे केले. दहा पानं पाठवायची, यंत्र शांत होऊ द्यायचं, आकडे पाहायचे, मग पुढची दहा. अशी सगळी पानं आली. एकही गेलं नाही. घरात कोणी असतं तर बाईंनी हाक मारून दाखवलं असतं. त्यांनी गठ्ठा दोन्ही हातांनी टेबलावर ठोकून सारखा केला आणि उन्हाळ्यापासूनची सगळी पत्रं नव्यानं छापायला घेतली.

ती सगळी पिशवीत घालून त्या इंदापूरच्या एसटीत बसल्या. लासुर्णे गेलं, निमगावचे पानमळे गेले. पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

चंद्राबाईंच्या ओसरीवर खोकी रचलेली होती. भांड्यांची पोती शिवलेली होती. चंद्राबाई खाटेवर बसल्या होत्या. बाई अगदी जवळ गेल्यावर त्यांनी ओळखलं, आणि ओळखताच त्यांचा चेहरा भ्यायल्यासारखा झाला. परीक्षा घ्यायला कुणी यावं तसा.

‘बसा बाई,’ त्या म्हणाल्या. ‘मला आता काय इचारू नका. माझ्या ध्यानात न्हाय राहात.’

बोलून ऐकू येणार नव्हतं, आणि लिहायला हात धड नव्हता. बाईंनी खुणेनं जुनी पाकिटं मागितली. चंद्राबाईंनी ती उशाखालून काढून दिली, सगळी नीट ठेवलेली. त्यांतलं एक बाईंनी उघडलं, पानं खाटेवर एकाखाली एक मांडली. शेजारी नवी पानं मांडली, आकड्यांसह. जिथं जुन्यात पान नव्हतं, तिथं जागा मोकळी सोडली. मग चंद्राबाईंचा हात धरून त्यांचं बोट त्या मोकळ्या जागेवर ठेवलं, आणि तिथून नव्या पानावर नेलं.

चंद्राबाईंनी भिंग घेतलं. आधीचं पान वाचलं, मग ते नवं, मग पुढचं. ओठ हलत होते. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुढच्या मोकळ्या जागेवर त्यांनी स्वतःच बोट ठेवलं.

‘म्हंजी हे मला आलंच न्हवतं?’

बाईंनी होकारार्थी मान हलवली. पिशवीत मोबाइल होता. त्यावर त्या बोलल्या आणि मोठी अक्षरं समोर धरली: ‘प्रिंटर मधली पानं सोडत होता. मला कळलं नाही.’

चंद्राबाईंनी भिंग खाली ठेवलं. ‘मला वाटलं वाचलं आन् लगीच पुसलं. एकदा गॅस चालू ऱ्हायला, तवा तर खातरीच झाली. आन् तुमी लिवायच्या, आठवतं का, आठवतं का. मी त्यो कागद तोंडावर धरून रडायची बाई. तुमाला काय उत्तर लिवणार? माझं डोकं गेलं म्हून?’

मुलाणीबाईंनी ‘आठवतं का’ लिहिलेलं जुनं पान उचलून पालथं ठेवलं.

‘शंभूला मीच म्हनलं, मला ने. आता यकटी ऱ्हायला भ्या वाटतं. त्यानं घर भाड्यानं दिलं. आयतवारी निघायचं हाय.’

बाईंनी पुन्हा मोबाइलवर सांगितलं: ‘त्याला खरं सांगू या. तुम्ही ठणठणीत आहात.’

चंद्राबाईंनी ते वाचलं. खोक्यांकडं पाहिलं. ‘सांगू की. पर जायाचं ते जायाचंच. पोरानं तितं खोली रिकामी केली, पलंग आणला. आता न्हाय म्हनलं तर त्याला वाटंल, आई आपल्याकडं यायला नको म्हनती.’ त्या पुढं म्हणाल्या, ‘तितली भाषा मला येत न्हाय. तसं मला कुठली तरी ऐकू येती का आता?’

मग त्या उठल्या. पोत्याची शिवण उसवून दोन कप काढले आणि चहा टाकला. चहा होईपर्यंत प्रगतीच्या लग्नाची सगळी पानं क्रमानं वाचून काढली. रिक्षात बसून गेली ती नवऱ्या मुलाची आई होती हे कळल्यावर म्हणाल्या, ‘मला वाटलं प्रगतीच गेली. मी उगं तिच्या काळजीत.’ दोघी हसल्या. त्या हसल्या तेव्हा दारात शेवटच्या बसची घाई करायला शेजारीण आली होती.

रविवारी चंद्राबाई गेल्या. शंभूराजला बाईंनी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘मग गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद करू,’ आणि आईला इकडंच बरं, असंही म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

आता पाकिटं जामनगरला जातात. पोचायला वेळ लागतो, उत्तराला त्याहून जास्त. चंद्राबाई लिहितात की सून-मुलगा सकाळी कामावर जातात, घर मोठं आहे, बाल्कनीत कबुतरं येतात, आणि शेजारची बाई हातवारे करून ढोकळा देऊन जाते. बाई ते पत्र दिवसातून दोनदा वाचतात. मग दिवा लावून संगणकापुढं बसतात, आणि जळोचीत नवा रस्ता कुठवर आला ते मोठ्यानं सांगायला लागतात.