हेटी, बाई आणि एक शब्द

पर्विसबाई दक्षिण इंग्लंडातून आमच्या यॉर्कशरच्या डोंगरातल्या शाळेत आल्या, तो छत्तीस सालचा जानेवारी. मनाने फार मऊ बाई. आमचं बोलणं त्यांना निम्मंच कळायचं, पण कळत नाही हे त्या दाखवायच्या नाहीत.

पुढच्याच महिन्यात, जेवणाची सुट्टी संपल्यावर दाराजवळच्या बाकावरून हेटी आल्डरसन उठली. "बाई, मी स्टार्व्ड झालेय."

बाईंच्या गावी स्टार्व्ड म्हणजे उपाशी. आमच्याकडे तो थंडीचा शब्द. गारठलेला माणूस स्टार्व्ड. वर्गातल्या एकूण एक पोराला हे ठाऊक होतं. मलाही.

"डबा नाही आणलास?"

"आणला की. खाल्लासुद्धा."

"मग पुरला नाही का गं?" बाईंनी स्वतःचं सँडविच तिच्या हातात ठेवलं. "खा. लाजायचं काय त्यात!"

वर्ग खो खो हसला. हेटीने रडत रडत ते संपवलं. मी तिच्या शेजारीच बसायचे. "बाई, तिला थंडी वाजतेय," एवढंच म्हणायचं होतं. पण मजा येत होती.

बाईंनी त्याच दिवशी पाद्रीबुवांच्या बायकोला चिठ्ठी लिहिली. शनिवारी भर दुपारी चर्चची मदतीची टोपली आल्डरसनांच्या दारात पोचली. शेजारणी उंबऱ्यात येऊन बघत होत्या. हेटीच्या आईच्या हातचं चीज अर्धं गाव विकत घ्यायचं, आणि तिच्या दारात ही टोपली!

सोमवारी हेटीची आई ती टोपली घेऊन थेट वर्गात आली. "बाई, माझ्या घरात उपाशी कोण आहे, ते सांगा."

"हेटीच म्हणाली, की ती स्टार्व्ड..."

आईने टोपली टेबलावर आदळली. "अहो, पोरगी काकडली होती! तिला शेगडीजवळ बसवायचं सोडून आम्हाला गावभर भिकारी केलंत?"

बाई लालबुंद झाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी जाडजूड शब्दकोश उघडला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'मरणे'. पुढे उत्तरेत तो थंडीने मरण्याचा झाला, दक्षिणेत भुकेने. "हेटीचा शब्द बरोबर होता," त्या म्हणाल्या. "चूक माझी." मग आमच्याकडे वळल्या. "तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं?"

एकही मान वर झाली नाही.

रविवारी बाई माफी मागायला आल्डरसनांकडे गेल्या. आईने दारातच ऐकून घेतलं, "बरं," म्हणाली आणि दार लावलं.

बाई पुढे एकतीस वर्षं आमच्यातच राहिल्या. नवखा शब्द कानावर आला की थांबून विचारायच्या, "तुमच्या घरी याचा अर्थ काय गं?" हेटीच्या आईने मात्र त्यांच्याशी पुन्हा चार शब्दांपलीकडे बोलणं केलं नाही.

हेटीच्या लग्नात मी करवली होते. तिचे केस बांधताना सांगून टाकायचं ठरवलं होतं. तिनेच विषय काढला.

"त्या दिवशी तू का गं बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुला खरंच भूक लागलीय," मी म्हणाले.

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पिना शोधायला खाली वाकले.