हातोडा पडण्याआधी

मुलांना सभेत ‘नाही’ म्हणायला कसे शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर मला कधीच देता आले नाही. स्वीडनमधल्या उमेओ शहराजवळच्या आमच्या शाळेत विद्यार्थी परिषदेला तयार करणाऱ्या गुनवोरबाईंनाही ते ठाऊक नव्हते. परिषदेतली मुले प्रत्येक ठरावाला एकसुरात ‘हो’ म्हणत. शाळेचे स्केटिंगचे मैदान वाहनतळाला देण्याच्या ठरावालाही ती तसेच म्हणाली. अध्यक्ष एल्विनने हातोडा उचलला. तो पडला की निर्णय पक्का. प्रशिक्षकाने सभेत बोलायचे नाही, हा बाईंचाच नियम होता.

“थांब रे एल्विन!” परिषदेतली तुवा ओरडली. “हात मोज आधी! स्केटिंग काय तुझ्या डोक्यावर करायचं?”

हात मोजले, तर बहुतेक हात ठरावाविरुद्ध वर गेले; ठराव पडला. गुनवोरबाई मटकन खुर्चीत बसून हसू लागल्या.

ते मैदान पुढे २०२१ सालीही स्केटिंगसाठीच वापरात होते.