अंगठ्याचा चेतापुरवठा

माझा उजवा हात दुखायचा थांबला तेव्हा मी फक्त पेढे वाटले नाहीत, बाकी सगळं केलं. वर्षभर अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या, मनगटात कळा. दर्यापूरकडच्या एका खेड्यात नस बसवून देणारा म्हातारा आहे. तीन रविवार तेल चोळून घ्यायचं आणि चौथ्या रविवारी नारळ द्यायचा, अशी पद्धत. सासूबाईंचा त्याच्यावर फार विश्वास. तिसऱ्या रविवारनंतर कळा खरंच थांबल्या. मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवते. तरी नारळ दिला, आणि स्टाफरूममध्ये तिघींना त्याचा पत्ताही दिला.

मग हातातून खडू पडायला लागला. त्यानंतर कुकरचं झाकण, स्कूटीची किल्ली. एक दिवस शाळेत प्रार्थनेला हात जोडले तर दोन्ही तळहात जुळेनात. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो सपाट झाला होता. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठली.

ती मोर्शीकडची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलायला सडेतोड. तिनं अंगठ्याच्या मुळाशी बारीक सुई घातली. सुई एका मशीनला जोडलेली आणि मशीनला स्पीकर.

"हात ढिला सोडा. काहीच करू नका."

सोडला. स्पीकरमधून फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज यायला लागला.

"मी काही करून नाही राहिले," मी म्हटलं.

"तेच तर वाईट आहे, मॅडम. चांगला स्नायू आराम करताना गप्प असते. आता अंगठ्याले जोर लावा."

"लावून राहिले."

"मशीनले दिसून नाही राहिलं."

रिपोर्टवर शब्द होता डीनर्व्हेशन, म्हणजे इनर्व्हेशन तुटणं. इनर्व्हेशन म्हणजे चेतापुरवठा, हे मला माहीत होतं. ते मी वर्गात सांगतेच: शरीराच्या प्रत्येक भागाला चेतातंतू पोचलेले असतात. माझ्या डोळ्यापुढे नकाशा असायचा, गावाच्या नळयोजनेसारखा. एकदा पाइप टाकले की झालं. तिला तसं सांगितलंही.

"पाइप टाकून काय होते? पाणी यावं लागते ना," ती म्हणाली. "स्नायूले वरून सतत निरोप लागतो. तो बंद झाला की स्नायू झिजते. मधल्या काळात त्याचे तंतू आपले आपणच फडफडतात. तो आवाज ऐकला तुम्ही."

"आणि दुखणं कसं थांबलं?"

"दुखल्याची खबर त्याच तारेनं जाते. तार गेली, खबर गेली."

मनगटातल्या एका पट्ट्याखाली नस अडकली होती. तो पट्टा कापायचा, अर्ध्या तासाचं काम. पण दोन आठवड्यांच्या आत. "उशीर केला तर नस सुटेल," ती म्हणाली, "पण तिच्यासाठी स्नायू उरणार नाही."

महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, तीन आठवड्यांवर होत्या.

आमच्या महालक्ष्म्या अमरावतीला, सासरच्या घरी बसतात. चाळीस पान. पुरण सोवळ्यात आणि घरच्या सुनेच्याच हातचं. ऑपरेशननंतर महिनाभर त्या हातानं जोर करायचा नाही, आणि हाताला टाके, पट्टी असेल तर सोवळंही चालत नाही. धाकटी जाऊ परदेशात, सासूबाईंचे गुडघे गेलेले. उरले मी. रविवारी अमरावतीला जाऊन सगळं सांगितलं.

"दुखते का आता?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. तोच तर त्रास आहे."

"दुखलं तरी त्रास, नाही दुखलं तरी त्रास. शाळेत हेच शिकवतेस काय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वकील आहे. "पुढची तारीख घेऊ ना," तो म्हणाला. "वीस दिवसांनी काय बिघडते?" त्याच्या धंद्यात पुढच्या तारखेनं कोणाचा अंगठा जात नाही.

मी मान्य केलं. भांडले असते तर कदाचित जिंकलेही असते. पण पुढे त्या घरात कोणाला साधा ताप आला असता, तरी तो मी महालक्ष्म्या मोडल्या म्हणूनच आला असता. जन्मभर ते ऐकण्यापेक्षा वीस दिवस बरे, असा हिशेब मी केला. तो माझा होता, दुसऱ्या कोणाचा नाही.

जेवणाच्या दिवशी पहाटेच पुरण शिजवलं. पुरणयंत्र तळहाताच्या रेट्यानं कसंबसं फिरवलं. पोळ्या लाटायला घेतल्या. सासूबाई दाराशी खुर्चीत बसून देखरेख करत होत्या.

"काही जळून राहिलं."

मी तव्यावरची पोळी उलटून पाहिली. ठीक होती. गॅस पाहिला.

"हात काढ," त्या म्हणाल्या. "तुझा हात जळून राहिला."

मधलं बोट तव्याच्या कडेला टेकलेलं होतं. मी काढलं. कातडी पांढरी पडली होती.

"चटका बसला नाही?"

"नाही."

त्या गुडघे धरत उठल्या, जवळ येऊन बोटाकडे वाकल्या. चोवीस वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "तूप लाव. आणि डाव्या हातानं जमते का पाहा."

नैवेद्याच्या पोळ्यांना डावा हात लावू देणं ही त्यांच्याकडून फार मोठी सवलत होती. उरलेल्या पोळ्या मी डाव्या हातानं केल्या. वेड्यावाकड्या झाल्या. तशाच वाढल्या.

विसर्जनानंतर चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. नस मोकळी झाली. दाबाखाली फितीसारखी चपटी झाली होती, असं डॉक्टरनं सांगितलं. आता ती वाढली तर दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. स्नायूपर्यंत पोचेल का, ते सहा महिन्यांनी पाहू. "आज काही सांगता येत नाही, मॅडम."

टाके काढल्यावर आठवडाभर अमरावतीला राहिले. एका दुपारी सासूबाई बैठकीत धाकट्या जावेशी फोनवर बोलत होत्या, मोठ्यानं, परदेशापर्यंत आवाज पोचायला हवा तसं. "झालं ऑपरेशन. हात सुटला तिचा. पुढच्या वर्षीच्या पुरणाचं काही टेन्शन नाही, तू आरामात ये."

मी आतल्या खोलीत होते. तळहात उताणा ठेवला आणि अंगठ्याला वर उचल म्हटलं. तो तिथेच पडून राहिला.