‘आष्टी डाऊन’ला ओके कोण म्हणत होतं?

“आष्टीचं नेट सकाळपासून बंद आहे. तुमचं सॉफ्टवेअर झोपलंय का?”

फोनवर पॅथॉलॉजी लॅबच्या डॉक्टरबाई होत्या. मुख्य लॅब वर्ध्यात, तपासणी केंद्रं आष्टीला आणि पुलगावला. तिथलं नेटवर्क सांभाळायचं काम माझ्याकडे नुकतंच आलं होतं. आष्टीत एका गरोदर बाईच्या प्लेटलेट्स फार कमी आल्या होत्या आणि रिपोर्ट तिथल्याच कॉम्प्युटरमध्ये अडकला होता. शेवटी टेक्निशियनने आकडे फोनवर वाचून दाखवले, तेव्हा कुठे तिला वर्ध्याला हलवलं.

मी वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेला घरीच होते. लॅपटॉप उघडला. आष्टी लाल. अलर्ट वेळेवर गेलेला. पुढे शेरा: ‘अ‍ॅकनॉलेज्ड’.

म्हणजे काय, ते सांगते. मॉनिटरिंग सॉफ्टवेअर प्रत्येक केंद्राला सारखं हाक मारतं. ओ आली नाही, की पहिल्या माणसाला मेसेज करतं. त्याने ‘ओके’ लिहिलं, की सॉफ्टवेअर समजतं, हा बघतोय. मग ते गप्प बसतं. ओके आलं नाही तरच दुसऱ्या माणसाला कळवतं. दुसरी मी होते.

मग ओके म्हणालं कोण?

आष्टीच्या टेक्निशियनला विचारलं. “मॅडम, मले तं मेसेजच येत नाई.” पुलगाववालेही नाही म्हणाले. मागचे अलर्ट पाहिले. सगळ्यांना ओके! ते बिघाड आपोआप सुटले होते, म्हणून बोभाटा झाला नव्हता. कुणी आत शिरलंय की काय? मी पासवर्ड बदलले. दुपारी पुलगाव पाच मिनिटं बंद पडलं. लगेच ओके आलं. माझं डोकंच चालेना.

पहिला नंबर आधीच्या इंजिनियरचा होता. तो तर नोकरी सोडून गेला होता. तरी फोन लावला.

“हॅलो, कोन?” आवाज वयस्कर होता.

“मी वर्ध्याहून बोलतेय, नेटवर्कचं काम बघते. काकाजी, तुम्हाला ‘आष्टी डाऊन’ असे मेसेज येतात का?”

“येते ना बाई. नवीन सिम घेतलं तवापासून येते.”

“त्याला ओके कोण लिहितं?”

“मीच. खाली लिवलं राह्यते ना, ओके पाठवा म्हनून. म्हनलं, कोनी एवढं भाव कळवून राह्यलं, तं आपनबी पोच द्याव.”

“कसले भाव?”

“भाजीचे! डाऊन म्हंजे पडले, अप म्हंजे चढले. आमी नाचनगावचे, पुलगावच्या बाजूचे. पुलगाव डाऊन आलं का मी वांगे वर्ध्याले नेतो.”

“आणि... जमतं ते?”

“कधी जमते, कधी नाई. भावाचं तसंच राह्यते.”

इंजिनियरचा बंद झालेला नंबर मोबाइल कंपनीने त्यांना दिला होता. हे मेसेज भावाचे नाहीत, आता येणार नाहीत, असं मी समजावलं.

“मंग भाव कोन सांगन?” ते म्हणाले.

तो नंबर काढला, माझा पहिला केला आणि डॉक्टरबाईंचा दुसरा घातला. ओके आल्यावरही केंद्र अर्धा तास बंदच राहिलं, तर सगळ्यांना पुन्हा मेसेज जाईल असं सेटिंग केलं. मग आष्टीची केबल मुद्दाम काढायला लावली. माझा फोन वाजला. मी ओके लिहिलं आणि वाट पाहत बसले. अर्ध्या तासाने पुन्हा वाजला, डॉक्टरबाईंचाही.

आष्टीची ती गरोदर बाई वर्ध्याहून सुखरूप घरी गेली.

आता नवं काम हाती घेतलं, की मी अलर्टच्या यादीतल्या प्रत्येकाला आधी फोन करते. मेसेज पोचला, हे सॉफ्टवेअर सांगतं. वाचणाऱ्याने त्याचा काय अर्थ लावला, ते त्यालाच विचारावं लागतं.