तेल शे, पोचस का?

कुठलंही डिझेल इंजिन उघडलं की मिस्त्री आधी सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवायचे. मग ते बोट अंगठ्यावर घासून म्हणायचे, "तेल शे. पोचस का?" म्हणजे, तेल आहे, पण पोचतं का? गाव नामपूर. अर्धं आयुष्य शहरात, द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात गेलं, तरी गावाकडचं 'शे' त्यांनी सोडलं नाही.

तुम्हीही त्या चौकातून नाकाला रुमाल लावून गेला असाल आणि घरी जाऊन गप्प बसला असाल. मी तिथं पत्रकं वाटायचे. पहिलं धुराविरुद्ध होतं : 'इंजिनतेल जाळून काळा धूर ओकणाऱ्या गाड्या बंद करा!' मिस्त्रींनी उभ्याउभ्या वाचलं आणि परत दिलं.

"ताई, काळा धूर डिझेलचा. तेल जळलं तर निळा. रंग चुकला."

"मुद्दा तोच आहे ना?"

"मुद्दा तोच. इंजिन दुसरं."

मी जाम चिडले. पण त्यानंतर दर पत्रक त्यांच्याकडून तपासून घ्यायला लागले.

सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत हवी, असं मला वाटायचं. त्यांनी बॅटरी मारून दाखवलं : तिच्यावर बारीक तिरक्या रेघा असतात, एकमेकींना छेदणाऱ्या. रेघांत तेल थांबतं. पिस्टनची रिंग जास्तीचं तेल खरवडून खाली पाठवते, पातळ थर तेवढा ठेवते. "रेघा गेल्या, भिंत चमकली, की मेली." आणि पिस्टनच्या डोक्यावर तर आगच. इंजिन गार ठेवणारं पाणी तिथं पोचत नाही. खालून एक वाकडी बारीक नळी त्याच्या पोटावर तेलाची धार मारत राहते, म्हणून तो जगतो.

हे मला फार आवडलं. पुढच्याच पत्रकात मी छापलं : 'धरणात पाणी आहे, पोचतं का?' मिस्त्रींना अभिमानानं दाखवलं.

"मी तेलाबद्दल बोललो होतो," ते म्हणाले.

आमच्या इंदिरानगरचे बाळूकाका एका ठेकेदाराची कामगारांची बस चालवायचे. एका सकाळी भर रस्त्यात इंजिन जाम झालं. मालक म्हणाला, तेल न बघता गाडी हाकलीस, उद्यापासून येऊ नको. काका म्हणाले, मी रोज पट्टी काढून तेल बघतो. कोण ऐकतंय? साठीला टेकलेल्या आणि इंजिन जाळल्याचा ठपका असलेल्या माणसाच्या हातात पुन्हा स्टिअरिंग कोण देणार?

दुपारपर्यंत माझं पत्रक तयार होतं : 'स्वस्तातलं तेल घालून ड्रायव्हरचा बळी घेणारा मालक!' पुरावा नव्हता. मालक तसा दिसत होता.

इंजिन मिस्त्रींकडेच आलं. चार महिन्यांपूर्वी त्यांनीच ते बांधलं होतं. मालक, काका आणि मी समोर उभे. खालचं तेलाचं चेंबर उघडलं, तर आत तेल पुरेपूर. मिस्त्रींनी बोटावर घासलं. "तेल चांगलं शे."

माझ्या पत्रकाची पहिली ओळ गेली.

चारांतले तीन पिस्टन धड होते. एकच भिंतीला चिकटलेला. "तेल नसतं तर सगळेच गेले असते. याला एकट्यालाच पोचलं नाही." त्यांनी त्या पिस्टनखालची नळी काढून फुंकली. हवा जाईना. तार घातली, तेव्हा लाल रबरासारखा तुकडा बाहेर आला.

ती पॅकिंगची पेस्ट होती. जोड गळू नये म्हणून मिस्त्री ती सढळ हातानं लावायचे. फिल्टरच्या पुढच्या जोडावर लावलेली जास्तीची पेस्ट आत सुटली होती आणि तेलाबरोबर फिरत नळीत जाऊन बसली होती.

मालकाला काहीच कळलं नव्हतं. मी मिस्त्रींच्या कानाशी लागले. "तेलातच कचरा होता म्हणा. काकाही सुटतील, तुम्हीही." हो, मी असं म्हणाले.

"तेल चांगलं शे," ते पुन्हा म्हणाले. मग मालकाकडे वळले. "शेठ, ड्रायव्हरची चूक नाही. माझी. पेस्ट जास्त लावली."

"लिहून देता?"

"ही लिहील. हिला सवय शे. ताई, रंग लाल लिही."

पत्रकाच्याच पाठीवर लिहिलं. मी 'अनवधानाने' असा शब्द घातला होता. त्यांनी तो खोडायला लावला. "अनवधान कुठलं? मुद्दाम लावली होती. चांगलं व्हावं म्हणून." सही केली आणि इंजिन पुन्हा उभं करायला बसले.

काका कामावर गेले. मालकाच्या गाड्या मात्र दुसऱ्या गॅरेजकडे वळल्या, आणि इतर शेठलोकांच्याही. वर्षाच्या आत मिस्त्री शटर ओढून नामपूरला गेले. गेल्या हिवाळ्यात तिथंच वारले. त्यांच्यावर मी पत्रक काढलं नाही. तपासायला कोणी नव्हतं.

परवा काकांच्या बसमध्ये चढले. लोक काचेपाशी लिंबू-मिरची टांगतात, तिथं पिस्टनखालची ती नळी टांगलेली. मी ती काढून तिच्या एका तोंडातून जोरात फुंकलं. दुसरं तोंड काकांच्या कानाशी होतं.

"पोचलं," काका म्हणाले, आणि गिअर टाकला.